शुक्रवारचा चित्रपट, सोमवारचं मत

मराठी चित्रपटाचं नशीब आता शुक्रवार ते रविवार एवढ्या तीन दिवसांत ठरतं. शुक्रवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, शनिवारी संध्याकाळी थोडी माणसं वाढली, रविवारी दुपारी निम्मं थिएटर भरलं, तर सोमवारनंतर एखादा शो टिकतो. तोही सकाळी सव्वानऊचा, नाहीतर रात्री पावणेअकराचा. बदलापूरहून सकाळची लोकल धरणाऱ्या माणसाने तो कधी बघायचा? त्यामुळे चित्रपटाशी संबंध असलेला प्रत्येक जण, नटापासून स्पॉटबॉयपर्यंत, हात जोडून एकच सांगत असतो: बघा आणि चार जणांना सांगा. त्यामागची काकुळत खरी आहे. हिंदीवाल्यांसारखा जाहिरातीला पैसा नसतो, शहरभर होर्डिंग लावता येत नाहीत. सगळी भिस्त प्रेक्षकाच्या तोंडावर.

आता त्या चार जणांना काय सांगायचं, यावरून माझं आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचं वाजतं. त्यांचं म्हणणं असं, की मराठी चित्रपट आधीच कसाबसा उभा आहे, त्यात आपणच खोट काढली तर बघायला जाणार कोण? आवडला नसेल तर गप्प बसावं, आवडला असेल तर दुप्पट सांगावं. मला हे अजिबात पटत नाही. दयेपोटी केलेलं कौतुक ऐकणाऱ्याला आज ना उद्या कळतंच. 'अप्रतिम, चुकवू नका' असं ऐकून माणूस बायकोमुलांना घेऊन जातो, तिकिटं आणि पॉपकॉर्न मिळून महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढे पैसे घालवतो आणि मध्यंतरात घड्याळ बघायला लागतो. मग पुढच्या वेळी खरोखर चांगल्या चित्रपटालाही तो हलत नाही. ज्याने दोन-तीन वर्षं घालून काही बनवलंय त्याच्याशी आपण पाहुण्यासारखं तोंडदेखलं का बोलावं? घरच्यासारखं बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

आमचा एक छोटा कंपू आहे. चित्रपट बघायचा आणि मग माटुंग्याच्या एखाद्या उडुप्याकडे फिल्टर कॉफी घेऊन भांडायचं. त्यात माझी वहिनी आहे, पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर. मामा आहेत, लालबागला वाढलेले, गाव कुडाळ तालुक्यात, वडील गिरणीत, स्वतः बेस्टमधून निवृत्त. कॉलेजात जाणारी भाची आहे. आमच्याच इमारतीतला एक मुलगा आहे, जो चित्रपटांसाठी फोलीचं काम करतो, म्हणजे पडद्यावरच्या पावलांचे, बांगड्यांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज स्टुडिओत पुन्हा करून देतो. कधीमधी मावशी येते. तिकडे 'छान होता' एवढ्यावर कोणाची सुटका होत नाही. वहिनी लगेच विचारते, कुठला सीन? सांगता आला नाही तर तिच्या लेखी तुमचं मतच झालेलं नसतं. ती वॉर्डात रोज पेशंटला 'नेमकं कुठे दुखतंय' विचारते, ती सवय असावी.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' आम्ही 2024 च्या नोव्हेंबरात बघितला. मे महिन्यात त्याला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्राँ प्री पारितोषिक मिळालं होतं, तीस वर्षांनी एक भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता, त्यामुळे उत्सुकता होती. तरी शो शोधताना दमछाक झाली. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्स आणि त्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, अशा तिघींची गोष्ट. पार्वती म्हणजे आपली छाया कदम. ज्या चाळीत तिचा संसार झाला ती बिल्डर पाडणार आहे, नवरा नाही आणि घर आपलं आहे असं दाखवणारा कागदही नाही.

मला वाटलं होतं की वहिनी हॉस्पिटलातल्या चुका काढेल. तिने एक शब्द काढला नाही. तिने सीन सांगितला तो राइस कुकरचा. मोठ्या नर्सच्या, प्रभाच्या घरी जर्मनीहून एक लाल कुकर येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही. नवरा तिकडे आहे, कित्येक दिवसांत त्याचा फोन नाही. रात्री ती त्या कुकरला मिठी मारून बसते. वहिनी म्हणाली, "पडद्यावर सिस्टर म्हटली की एक तर देवी असते, नाहीतर डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन उभी असते. घरी गेल्यावर तिला काय होतं ते कोणी दाखवत नाही. नाइट करून आल्यावर झोप येत नाही गं. हात रिकामे वाटतात. काहीतरी धरावंसं वाटतं." हे ती मला नणंद म्हणून कधीच बोलली नसती. चित्रपटाच्या आडून बोलली.

मामांचं सगळं लक्ष पार्वतीच्या कागदावर होतं. लालबाग-परळला कोकणातल्या गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या. खोली एकाच्या नावावर, राहायला गावचे दहा-पंधरा जण, पाळ्या लावून झोपायचे, कारण गिरणीच्याही पाळ्या होत्या. पुढे कोणाचं लग्न झालं, कोणी बायको आणली, कोणी गावी परतला. पण भाडेपावतीवर नाव राहिलं ते पहिल्याच माणसाचं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येक घरांतला पुरुष त्यानंतर सावरलाच नाही. मामांच्या मजल्यावर अशीच एक बाई होती. नवरा गेल्यावर तिने ट्रंक उपसून उपसून पावत्या शोधल्या, तर सगळ्या चुलत दिराच्या नावाच्या. "ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्र असतं ना पसरलेलं," मामा म्हणाले, "ते पण उचलून बघितलं होतं तिने." पार्वतीचं कागद शोधणं बघताना त्यांना ते वर्तमानपत्र दिसत होतं.

भांडण लागलं ते उत्तरार्धावरून. पार्वती मुंबई सोडते, रत्नागिरीकडच्या आपल्या गावी जाते आणि बाकीच्या दोघी तिला पोचवायला जातात. पाऊस आणि निळा उजेड मागे पडतो, समुद्र येतो, ऊन येतं. फोलीवाला मुलगा या बदलावर फिदा होता. त्याच्या मते शहरातल्या गर्दीच्या आवाजानंतर तो मोकळेपणा कानालाही जाणवतो. मामा मात्र चिडले. "गावाक जावन काय खातली ती?" त्यांनी विचारलं. मुंबईचा प्रश्न आला की कोकण दाखवायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. गावचं घर म्हणजे गळकं छप्पर, भाऊबंदकी आणि वेळेवर न येणारी एसटी. वहिनी म्हणाली, "मामा, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शिजवलंय तिने. चार दिवस नाचली तर नाचू दे की." कोणी कोणाचं ऐकलं नाही. पण मी तो चित्रपट नंतर घरी पुन्हा बघितला तेव्हा मामांचा तो प्रश्न घेऊनच बघितला. पार्वती गावी पोचल्यावर पडद्यावर जे सुख होतं ते मला यावेळी जास्त नाजूक वाटलं. सांगायचा मुद्दा हा की मामांच्या तक्रारीमुळे चित्रपट माझ्यासाठी लहान झाला नाही. त्यात आणखी एक खोली उघडली.

असं बोलण्याची या शहराला जुनी सवय आहे. 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तेव्हा प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते, सावेदादा म्हणून ओळखले जाणारे छायाचित्रकार. ती चित्रं त्यांना एवढी भावली की त्यांनी थेट विलायतेहून कॅमेरा मागवला आणि पुढे हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लावून ती चित्रित केली. मुंबईतल्या प्रेक्षकाने चित्रपटावर दिलेलं यापेक्षा भरघोस मत मला माहीत नाही. फाळके त्यानंतरचे. दादर पूर्वेला ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण भाजी घेऊन जातो, तेही आधी प्रेक्षकच होते. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून ते पेटले आणि 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये गिरगावात कॉरोनेशनला लागला.

आणि मग 1968 साली सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळ. दिनकर गांगल, सुधीर नांदगावकर आणि त्यांचे सहकारी. या मंडळाने मुंबईतल्या मराठी माणसाला जगभरचे चित्रपट तर दाखवलेच, पण ते बघितल्यावर लगेच उठून जायचं नसतं हेही शिकवलं. बँकेतले कारकून, शाळेतल्या बाई, रेल्वेतले साहेब अशी माणसं सबटायटल वाचत इटलीचा नाहीतर जपानचा चित्रपट बघायची आणि दिवे लागल्यावर उभी राहून प्रश्न विचारायची. मंडळाच्या 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकात त्यावर लेख यायचे. नांदगावकर जानेवारी 2023 मध्ये गेले. अशा मंडळींनी तयार केलेला प्रेक्षक अजून या शहरात आहे. कुठल्याही महोत्सवात रांगेत बघा, कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि वेळापत्रकावर पेन्सिलीच्या खुणा घेऊन साठी-सत्तरीची माणसं उभी असतात. त्यांना कोणी पाहुणा म्हणून बोलावलेलं नसतं. ती सकाळपासून येऊन उभी राहतात आणि दिग्दर्शकाला असा प्रश्न विचारतात की तो माइक हातात धरून क्षणभर थांबतो. मला या माणसांबद्दल फार आदर आहे.

याच्या अगदी उलट अनुभव 'छावा'च्या वेळी आला. फेब्रुवारी 2025 मध्ये आलेला, लक्ष्मण उतेकरांनी केलेला हिंदी चित्रपट, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. प्रदर्शनाआधीच लेझीमच्या दृश्यावरून वाद झाला आणि ते काढलं गेलं. थिएटरात घोषणा झाल्या, लोक रडले, मीही शेवटी सुन्न झाले. पण त्यावर बोलायची सोय राहिली नाही. 'पार्श्वसंगीत फार कानठळ्या बसवतं' एवढं जरी म्हटलं तरी समोरच्याचा चेहरा बदलायचा, जणू मी संभाजी महाराजांबद्दलच काही बोलले. महाराजांवर प्रेम करणारा माणूस त्यांच्यावरच्या चित्रपटाकडून जास्त अपेक्षा ठेवणार, हे इतकं साधं आहे. आमच्या कंपूत सुद्धा त्या दिवशी कॉफी लवकर संपली.

2025 चा सप्टेंबर महिना मात्र मला फार दिवस लक्षात राहील. 12 तारखेला एकाच शुक्रवारी तीन मराठी चित्रपट लागले: 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. त्याच दिवशी 'डिमन स्लेयर' हा जपानी ॲनिमेशनपट आला, ज्याचे पहाटेचे शो लावावे लागले इतकी मुलांची झुंबड होती. माझी भाची त्यातलीच. सूर्य उगवायच्या आत ती थिएटरात होती आणि मैत्रिणींपैकी दोघी पात्रांचे पोशाख घालून आल्या होत्या. मामांना हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, दादा कोंडक्यांच्या चित्रपटाला भारतमाता थिएटरबाहेर आम्ही असेच पहाटे जाऊन उभे राहायचो, तिकीट खिडकी उघडायच्या आधी.

भाचीची बाजू मी इथे मांडायला हवी, कारण ती माझ्याशी भांडून ती मांडते. तिचं म्हणणं, तुम्ही मराठी चित्रपटाला जाता तेव्हा कर्तव्याला गेल्यासारखे जाता. आम्ही जातो ते आवडतं म्हणून. आम्ही सहा महिने त्याबद्दल बोलत असतो, चित्रं काढतो, कोण कोणापेक्षा ताकदवान यावर रात्र रात्र वाद घालतो. "तुमच्यातलं कोणी 'आरपार'मधल्या पात्राचं चित्र काढलंय का?" तिने विचारलं. मला तिचा मुद्दा बोचला, कारण तो बरोबर आहे. भाषा वाचवायला म्हणून चित्रपट बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ती भूक नसते, आणि भूक नसेल तर चवीबद्दल बोलणार तरी काय?

पण एका शुक्रवारी तीन चित्रपट लावण्याचा हिशेब मला आजही कळत नाही. तिन्हींचा प्रेक्षक तोच, त्याचा खिसाही तोच. नोकरदार माणूस महिन्यातून एक चित्रपट बघतो, फार तर दोन. 'दशावतार' धो धो चालला, त्यामुळे इतर दोन चित्रपटांबद्दल फारसं बोलणंच झालं नाही. 'बिन लग्नाची गोष्ट'मध्ये प्रिया बापट आणि उमेश कामत बऱ्याच वर्षांनी मोठ्या पडद्यावर एकत्र आले होते. एरवी महिनाभर चर्चा झाली असती. आम्ही बुक केलेला दुसऱ्या एका मराठी चित्रपटाचा शो त्याच सुमारास आयत्या वेळी रद्द झाला. तिकिटं कमी विकली गेली, पैसे परत मिळतील, असा मेसेज आला. आम्ही तोवर दादर स्टेशनचा पूल उतरत होतो. ज्यांनी तो चित्रपट केला त्यांना आमच्या या सहा तिकिटांबद्दल कधी कळलंही नसेल.

पुढच्याच शुक्रवारी, 19 सप्टेंबरला, रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' आला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं होतं. दिग्दर्शक मुंबईतल्या छोट्याशा घरात वाढलेला, वडील ड्रायव्हर. वडिलांच्या जाण्यानंतर गावी काढलेल्या दिवसांतून त्याला ही गोष्ट सुचली. आनंद मुंबईहून वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोघं पुरुष, दोघांच्या घरी लग्नाचा तगादा, आणि त्या दहा दिवसांत त्यांच्यात हळूहळू उमलत जाणारं प्रेम.

मावशी आमच्याबरोबर येईन म्हणाली तेव्हा मला जरा धास्ती वाटली होती. ती सत्तरीची, माहेर अकोले तालुक्यातलं. विषय तिला आधीच सांगितला होता. ती म्हणाली, "आमच्याकडची भाषा ऐकायला मिळेल ना? मग येते." चित्रपटभर ती पदर तोंडाशी धरून बसली होती. बाहेर आल्यावर भाची म्हणाली की सगळं चांगलं आहे, पण फार हळू जातो. त्यावर मावशी म्हणाली, "सुतकात दिवस असेच जातात. कोणी कामाला हात लावू देत नाही, कुठे जाऊ देत नाही. नुसतं बसायचं. येणारा येतो, तेच विचारतो, आपण तेच सांगायचं. तुला दोन तास जड गेले, त्याला दहा दिवस काढायचे होते." चित्रपटाच्या गतीबद्दल मी एवढं नेमकं कुठल्याच परीक्षणात वाचलेलं नाही.

आईबद्दलही तिचं काही म्हणणं होतं. आनंदची आई मुलाला ओळखून आहे. ती त्यावर भाषण करत नाही, रडून गोंधळ घालत नाही, भावकीत त्याच्यावर प्रश्न आले की मध्ये उभी राहते. मावशी म्हणाली, अशा बाया असतात, पण त्यांना चित्रपटात कोणी घेत नाही, कारण त्या ओरडत नाहीत. मग बराच वेळ ती काही बोलली नाही आणि शेवटी तिने आपल्या गावातल्या एका माणसाची आठवण सांगितली, ज्याने लग्न केलं नाही आणि ज्याला सगळे 'देवाचा माणूस' म्हणायचे. "कोणी विचारलं नाही त्याला कधी," ती म्हणाली. "मी पण नाही."

फोलीवाल्या मुलासाठी हा चित्रपट म्हणजे पर्वणी होती, कारण त्यात पार्श्वसंगीत नाही. त्याने आम्हाला त्याच्या स्टुडिओची जमीन कशी असते ते सांगितलं. एक चौकोन मातीचा, एक खडीचा, एक फरशीचा, एक लाकडाचा, आणि भिंतीशी जुन्या चपला-बुटांचा ढीग. पडद्यावरचा माणूस शेतातून ओसरीवर चढला की हाही मातीच्या चौकोनातून फरशीवर पाय टाकतो, त्याच वजनाने, त्याच क्षणी. "पण आम्ही तासन्‌तास केलेलं ते काम व्हायोलिन सुरू झालं की बुडतं," तो म्हणाला. "दुःखाचा सीन आला की लोकांना भीती वाटते, प्रेक्षकाला कळलं नाही तर? मग संगीत ओततात." इथे तसं कोणी ओतलेलं नव्हतं. माणसाने बसकण मारली तर बसकण मारल्याचा आवाज, भांडं ठेवलं तर भांड्याचा. त्या संध्याकाळी त्याने मला डोळे मिटून रस्ता ऐकायला लावला. भाऊ दाजी रोडवर चालणाऱ्या माणसांत कोण थकलंय आणि कोण घाईत आहे, हे चपलांवरून कळतं. तेव्हापासून मी चित्रपट वेगळ्या कानांनी बघते.

'साबर बोंडं' थिएटरात फार दिवस राहिला नाही. ज्यांनी बघितला त्यांनी मनापासून सांगितलं, पण तोवर शो कमी होत गेले. अशा चित्रपटाबद्दलचं मत पिकायला वेळ लागतो. मावशीला तो माणूस आठवला तो उडुप्याकडे दुसरी कॉफी आल्यावर, आणि भाचीने 'हळू आहे' हे मागे घेतलं ते पुढच्या आठवड्यात, फोनवर. शुक्रवारच्या रात्री बारा वाजता टाकलेल्या तीन ताऱ्यांत हे कुठे मावणार?

'दशावतार'ला मात्र ती उसंत मिळाली, कारण तो उतरलाच नाही. आम्ही तो दुसऱ्या आठवड्यात दादरला बघितला, भरगच्च थिएटरात. 81 वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत केला आहे. नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतो आता काम थांबवा, आणि गावावर खाणीचं सावट. सिंधुदुर्गात दोडामार्गजवळच्या कळणे गावी खाणीवरून काय काय झालं हे ज्यांना माहीत आहे त्यांना ती गोष्ट परकी नव्हती. आमच्या पुढच्या रांगेत एक अख्खं कुटुंब मालवणीत आपसांत बोलत होतं आणि कोणी त्यांना गप्प करत नव्हतं.

मामांनी दशावतार लहानपणापासून बघितलेला. जत्रेच्या रात्री, देवळासमोर, पेटारा येतो, रंगपटात माणसं आपला चेहरा आपणच रंगवतात, आधी आडदशावतार, संकासुराची धमाल, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही. संवाद तिथल्या तिथे, हार्मोनियम आणि पखवाजाच्या साथीने, पहाटेपर्यंत. वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर अशा कंपन्यांची नावं ते क्रिकेटच्या टीमसारखी घेतात. पूर्वार्ध बघताना ते खुर्चीच्या कडेवर आले होते. उत्तरार्धात चित्रपट सूडाच्या वाटेने जातो, अवतारांमागून अवतार येतात, थिएटर शिट्ट्यांनी दणाणून जातं.

बाहेर एक मुलगी माइक घेऊन उभी होती, सोबत मोबाइल धरलेला मुलगा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवत होती. लोक 'सुपरहिट!', 'जबरदस्त!' म्हणून पुढे जात होते. मामांपुढे माइक आला.

"पयलो भाग बरो," मामा म्हणाले. "दुसरो माका पटलो नाय."

मोबाइलवाल्या मुलाने हात खाली घेतला. मुलगी हसून म्हणाली, "काका, एकच वाक्य हवंय. सगळ्यांनी बघावा, असं काहीतरी."

"बघूकच होयो," मामा म्हणाले. "पण कित्याक, ता सांगूक नको?" आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दशावतारी माणसाबद्दल आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. रात्रभर मुकुट घालून देवांना दरडावणारा माणूस उजाडल्यावर रंग पुसतो आणि दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातो. ती सगळी गंमत आणि तो सगळा त्रास त्या दोन टोकांच्या मधला. पहिल्या भागात प्रभावळकर नुसते चालतात तरी तो बोजा दिसतो. दुसऱ्या भागात त्याला दिवसाढवळ्याही राजाच केला. मग बोजा कोण उचलणार?

मुलीने माइक खाली केला होता, पण ती गेली नाही. तिचं गाव वेंगुर्ल्याकडचं निघालं. ती म्हणाली, "पण काका, माझे आजोबा नाटकात होते. त्यांना आयुष्यात कोणी जिंकू दिलं नाही. मला तर तो जिंकताना बघूनच बरं वाटलं." वहिनी लगेच तिच्या बाजूने झाली. फोलीवाल्या मुलाला दोन्ही पटत होतं. दुसऱ्या शोची माणसं आत शिरायला लागली होती आणि आम्ही सगळे त्यांच्या वाटेत उभे.

"आणि काका, शिट्ट्या तर दुसऱ्या भागालाच पडल्या," मुलगी म्हणाली.

"पडतल्योच, बाय," मामा म्हणाले. "मियां पण मारलंय. तरी सांगतंय."